तेलाचा रविवार

मारुतराव हणमंतावर जळतात, हे सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समधल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक होतं. मारुतरावांना मात्र वाटायचं, की आपण ते फार बेमालूम झाकून ठेवलंय. हणमंताचं नाव निघालं की ते चष्मा काढून पुसायला घ्यायचे, आणि तो इतका वेळ पुसला जायचा की समोरच्याला विषय बदलावाच लागायचा.

वय वर्षं सहासष्ट. मूळ गाव साताऱ्याकडचं, पण गावाशी संबंध आता जत्रेपुरता. तीस वर्षं सैन्याच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली, सुभेदार म्हणून बाहेर पडले, आणि शेवटची नेमणूक दिल्ली कॅन्टोन्मेंटला होती म्हणून इथेच राहिले. फरीदाबादला दोन खोल्यांचं घर, आणि खाली दोन गाड्या कशाबशा मावतील एवढं गॅरेज. गॅरेजची पाटी हिंदीत, मारुतरावांच्या शिव्या पंजाबीत आणि भिंतीवरचा फोटो खंडोबाचा.

बाकीचे मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकतात. मारुतराव तेल बोटांवर घ्यायचे. तेल मोजायची पट्टी ओढून तिच्या टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, हे अमुक जाडीचं आहे, तमुक हजार किलोमीटर चाललंय आणि यात कोणीतरी दुसरं तेल मिसळलंय. ते क्वचित चुकायचे, आणि चुकले तर ते कबूल करायचे नाहीत.

या बोटांच्या जोरावरच त्यांनी तेलाचा रविवार सुरू केला होता. सैन्यात ठरलेल्या तारखेला उन्हाळी वर्दी जाते आणि हिवाळी येते. मारुतरावांनी तोच कायदा गाड्यांना लावला. भाऊबीजेनंतरच्या पहिल्या रविवारी पातळ तेल, होळीनंतरच्या रविवारी जाड. जानेवारीत दिल्लीत दात वाजतात आणि मेअखेरीला डांबर चपलेला चिकटतं, मग दोन्हीला एकच तेल कसं चालेल, असा त्यांचा साधा सवाल होता. पंधरा वर्षं हा रविवार क्वार्टर्सच्या पार्किंगमध्ये साजरा झाला. गाड्या ओळीनं लागायच्या, मारुतराव पाठीवर पडून त्यांच्याखाली सरकायचे, आणि त्यांची बायको कांता वर बायकांमध्ये बसून उरलेल्या फराळाचा निकाल लावायची. त्या दिवशी मंत्रालयांतले मोठमोठे साहेब हातात फडकं घेऊन मारुतरावांच्या हुकमाची वाट बघत उभे असायचे. वर्षातले हे दोन दिवस ते पुन्हा सुभेदार असायचे.

एके काळी एकोणीस गाड्या लागायच्या. यंदाच्या दिवाळीत पाच लागल्या.

बाकीच्या चौदा मुनिरक्याला गेल्या होत्या, हणमंताकडे.

यातलं सगळ्यात झोंबणारं असं होतं, की हणमंताला दिल्लीत आणलं मारुतरावांनीच. तो त्यांचा चेला. पंचवीस वर्षांपूर्वी लेहच्या वर्कशॉपमध्ये नवाकोरा पोरगा म्हणून दाखल झाला, तेव्हा त्याला पाना कसा धरायचा इथपासून मारुतरावांनी शिकवलं. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्याला फोन करून 'इकडे ये, काम भरपूर आहे' म्हणणारेही तेच. मुनिरक्याच्या गल्लीत जागा बघून दिली आणि भाऊसाहेबांशी ओळख करून दिली तीसुद्धा त्यांनीच. भाऊसाहेब म्हणजे मंत्रालयातले अंडर सेक्रेटरी, मारुतरावांचं पहिलं गिऱ्हाईक आणि दिल्लीतला एकुलता एक म्हणावा असा मित्र. आपल्याच हातानं आपल्या पायाखालची फळी काढून दिली, आणि वर ती नीट धर म्हणून सांगितलं, असा तो प्रकार होता.

पाच गाड्यांच्या त्या रविवारी भाऊसाहेबांची गाडी नव्हतीच. त्यांचा मुलगा चिन्मय तेवढा फराळाचा डबा घेऊन खाली आला आणि मारुतरावांच्या शेजारी उकिडवा बसला.

"काका, यार, हणमंतकाकांनी काय मस्त डेमो दिला," तो म्हणाला. "फ्रीजरमध्ये वाटी ठेवली होती. त्यात ती... काय म्हणतात, गुळाची राब."

"काकवी," गाडीखालून मारुतराव म्हणाले.

"हां, काकवी. चमचा सीधा खडा राहिला तिच्यात. मग म्हणाले, थंडीत जाड तेलाचं हेच होतं. डब्यावर दोन नंबर असतात ना, पहिला सांगतो गार असताना तेल किती वाहतं, दुसरा सांगतो गरम झाल्यावर किती जाड राहतं. नवीन तेलं दोन्ही सांभाळतात, म्हणून दर सीझनला बदलायची गरज नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते घाला, बस."

मारुतराव गाडीखालून बाहेर आले. चष्मा काढला आणि पुसायला लागले.

काकवी त्यांची होती. म्हणजे हणमंताच्या घरून आलेली होती, कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळातली; पण कल्पना त्यांची होती. लेहला उणे पंचवीसमध्ये नव्या पोरांना तेलाची जाडी समजावून सांगताना त्यांनी एक वाटी पेटत्या बुखारीशेजारी, म्हणजे शेगडीशेजारी ठेवली आणि एक बाहेर. सकाळच्या हजेरीला बाहेरच्या वाटीत चमचा उभा करून दाखवला. "इंजिन सुरू होतं तेव्हा तेल तळाशी असतं," ते म्हणाले होते. "ते वर पोचेपर्यंत लोखंडावर लोखंड घासतं. आता सांगा, ही काकवी वर कधी पोचणार?" पोरं हसली होती. हणमंत हसला नव्हता. तो वाटीकडे बघत राहिला होता, आणि त्याच दिवशी मारुतरावांनी मनाशी म्हटलं होतं, हा पोरगा मेकॅनिक होणार.

आता तोच पोरगा त्यांची वाटी, त्यांचा चमचा आणि त्यांचं वाक्य घेऊन त्यांचाच रविवार मोडीत काढत होता. वर त्याचं म्हणणं बरोबरही होतं. तेलं सुधारली होती, नव्या इंजिनांच्या वाटा अरुंद झाल्या होत्या, आणि इंजिन एकदा तापलं की बाहेर वीस अंश आहेत की चाळीस, याचा आत फारसा फरक पडत नाही, हे मारुतरावांना कधीचं कळलं होतं. कळून काय उपयोग? हणमंत चुकत असता तर त्याच्यावर नुसतं रागावता आलं असतं. तो बरोबर होता, म्हणून जळावं लागत होतं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भाऊसाहेब स्वतः नवी गाडी घेऊन फरीदाबादला आले. मारुतराव हरखले. हात पुसत पुढे झाले, कांताला वर चहा टाकायला सांगितलं.

"चिन्मय आम्हाला स्पितीला नेतोय," भाऊसाहेब म्हणाले. "मी, अलकनंदा, सूनबाई अश्लेषा, सगळे. काझाला बर्फ बघायचा म्हणे. माझ्या छातीत दोन स्टेंट, पण ऐकतंय कोण. डॉक्टरनं बिल्कुल परवानगी दिली, आता तुम्ही द्या."

"उणे वीसच्या खाली जाईल तिथं," मारुतराव म्हणाले. "तेल बदलावं लागेल."

"त्यासाठीच तर आलो." भाऊसाहेबांनी मागचं दार उघडून तेलाचे दोन सीलबंद डबे काढले. "हणमंतानं काढून दिलेत. झीरो-ट्वेंटी. म्हणाला मीच घालून देतो, पण मी म्हटलं, छे, तेल मारुतरावांच्याच हातचं. इतक्या वर्षांचा रिवाज आहे."

हे भाऊसाहेब मनापासून बोलले होते. कोणाचं मन मोडू नये म्हणून फाइलवर दोन्ही बाजूंची नोंद घेणारे ते अधिकारी. पण मारुतरावांच्या मनात काय झालं ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. डॉक्टर हणमंत आणि आपण कंपाउंडर. चिठ्ठी त्याची, बाटली त्याची, ओतायचं तेवढं आपण.

भाऊसाहेब चहाला वर गेले. मारुतराव गाडीखाली शिरले, जुनं तेल काढलं, बोल्ट आवळला. मग उठले, हणमंताचे डबे बाकाखाली पोत्याआड सारले आणि कोपऱ्यातल्या पिंपातलं वीस-पन्नास गाडीत ओतलं. उन्हाळी तेल. पंधरा वर्षांत त्यांनी ते डिसेंबरमध्ये कोणाच्याही गाडीत घातलं नव्हतं. ओतताना मनात एवढंच होतं, की तिकडे गाडीनं दगा दिला की नाव हणमंताच्या डब्यांचं होईल. पुढच्या होळीला गाड्या परत ओळीनं लागतील.

भाऊसाहेबांनी जाताना नेहमीप्रमाणे दोन्ही हात जोडले. मारुतरावांनीही जोडले.

दुसऱ्या दिवशी झाडू मारायला खाली आलेल्या कांतानं पोतं उचललं.

"अहो, हे डबे कुणाचे?"

"जुना माल आहे."

"सील तर नवं दिसतंय."

"तुला काय कळतं त्यातलं?" मारुतराव खेकसले. चाळीस वर्षांच्या संसारात नवरा कधी खेकसतो, हे कांताला चांगलं कळत होतं. तिनं पोतं होतं तसं ठेवलं आणि झाडायला लागली.

त्यानंतर मारुतरावांना जेवण जाईना. समोरचं ताट बघितलं की खंडेराव आठवायचा. खंडेराव लेहला त्यांच्या युनिटचा स्वयंपाकी, नगरकडचा. एका सकाळी त्याच्या छातीत पाणी भरलं, श्वास घेता येईना, आणि रुग्णवाहिका सुरू होईना. कोणीतरी चुकीच्या पिंपातलं तेल भरलं होतं. इंजिनाखाली स्टोव्ह धरून तेल पातळ करायला चाळीस मिनिटं लागली. खंडेराव वाचला, पण ती चाळीस मिनिटं त्याच्या घशातून येणारा आवाज सगळ्या वर्कशॉपनं ऐकला. त्या दिवशी मारुतरावांनी तेल भरणाऱ्या जवानाला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. "हा मेकॅनिक नाही, खुनी आहे," ते म्हणाले होते. समोर ऐकणाऱ्यांत हणमंत होता.

भाऊसाहेबांच्या छातीत दोन स्टेंट. काझाची सकाळ. उणे बावीस.

भाऊसाहेबांना निघायचं होतं शनिवारी पहाटे. शुक्रवारी सकाळी मारुतरावांनी बाकाखालचे डबे काढले, पाना, घमेलं आणि फडकी पिशवीत भरली आणि सगळं स्कूटरवर लादून सरोजिनी नगरची वाट धरली. धुकं इतकं दाट होतं, की मथुरा रोडवर पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसत होता. वाटेत ते काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. फिल्टर बघायचा राहिला, म्हणू. बोल्ट पुन्हा आवळतो, म्हणू. अर्ध्या तासात तेल बदलून मोकळं व्हायचं, आणि कोणाला काही कळायचं नाही. खरं सांगायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

पार्किंगमध्ये गाडी नव्हती.

"चिन्मय घेऊन गेलाय मुनिरक्याला," अलकनंदाताई दारात म्हणाल्या. "बर्फासाठी चाकांना साखळ्या लावतात ना, त्या घ्यायला. या ना भाऊजी, बसा. किती गारठलात."

मारुतराव बसले. समोर चहा आला, लाडू आला. हेल्मेट काढायचंही त्यांना सुचलं नाही. हणमंताच्या हातात गाडी गेली म्हणजे तो झाकण उघडणार. झाकण उघडलं की पट्टी ओढणार. पट्टी ओढली की थेंब बोटांत चोळणार, डोळे मिटून. ही सवय त्याला कोणी लावली, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

तासाभरानं हॉर्न वाजला. मारुतराव जिना उतरून खाली गेले.

"अरे काका, तुम्ही!" चिन्मय खूश झाला. "सब ओके. साखळ्या मिळाल्या. हणमंतकाकांनी एकदा पूरी गाडी चेक केली, म्हणून लेट झाला."

"काही म्हणाला?"

"नाही. म्हणाले, उस्तादांनी बघितलीय म्हणजे बघायला नकोच, पण आता आलायस तर थांब जरा."

मारुतरावांनी गाडीचं झाकण उघडलं. पट्टी ओढली, थेंब बोटांवर घेतला. डोळे मिटायची गरजच नव्हती. तेल पातळ होतं, स्वच्छ होतं आणि त्या दिवशीच घातलेलं होतं.

"आणि हां," चिन्मयनं डिकीतून एक डबा काढला. तोंडाला प्लास्टिक लावून सुतळीनं घट्ट बांधलेला. "हे तुमच्यासाठी दिलंय. म्हणाले, उस्तादांचं उरलेलं तेल आहे, वाया नको जायला."

डब्यात त्यांचंच वीस-पन्नास होतं. फडक्यातून गाळून घेतलेलं.

मारुतराव परत निघाले तेव्हा स्कूटरवर पायाशी तीन डबे होते, दोन हणमंताचे आणि एक त्यांचा. फरीदाबाद येईपर्यंत त्यांना हणमंताचा एवढा राग आला, एवढा राग आला, की दोनदा गाडी कडेला घ्यावी लागली. त्यानं फोन करून शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. भाऊसाहेबांना सांगून टाकलं असतं तरी चाललं असतं, मग दोघंही सारखेच झाले असते. त्यानं तेल गाळून पाठवलं होतं.

त्यांनी हणमंताला फोन केला नाही. हणमंताचाही आला नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मराठी मंडळींचा तिळगुळाचा कार्यक्रम होता, क्वार्टर्सच्याच सामुदायिक हॉलमध्ये. मारुतराव जाणार नव्हते, पण कांतानं त्यांचा कोट खुंटीवरून काढून ठेवला आणि एवढंच म्हणाली, "चला." हॉलमध्ये हणमंत चहाच्या टेबलापाशी उभा होता. त्यानं लांबूनच मान लववली. मारुतरावांनी चष्मा काढला.

भाऊसाहेब तिळगुळाचं ताट घेऊन सगळ्यांत फिरत होते. स्पितीचा बर्फ त्यांच्या बोलण्यातून अजून उतरला नव्हता.

"उणे तेवीस," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते. "हॉटेलसमोर आठ गाड्या उभ्या, सात गाड्यांखाली लोक शेगड्या धरून बसलेले. आमच्या चिन्मयनं बटण दाबलं आणि एका झटक्यात सुरू. त्याच सकाळी मला जरा दम लागला होता, अलकनंदा तर रडायला लागलेली. आम्ही वीस मिनिटांत दवाखान्यात. ऑक्सिजन लावला, मी ठीक." ते मारुतरावांसमोर येऊन थांबले. "मी तिथंच म्हटलं, हे हात मारुतरावांचे. पुढच्या दिवाळीला सगळ्यांनी यांच्याकडेच यायचं आहे. तेलाचा रविवार बंद पडता कामा नये."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, बिल्कुल. मारुतरावांना जे हवं होतं ते समोर आलं होतं. गाड्यांची ओळ, फडकं धरून उभे असलेले साहेब, सगळं. त्यासाठी नुसतं गप्प राहायचं होतं. त्यांनी टेबलाकडे बघितलं. हणमंतही टाळ्या वाजवत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, टोमणा नाही, उपकार नाही. महिनाभर तो गप्प होता आणि यापुढेही गप्पच राहणार होता.

"ते तेल हणमंतानं घातलं," मारुतराव म्हणाले.

"हो हो, डबे त्याचेच होते, पण हात तर—"

"हातही त्याचा. मी तुमच्या गाडीत जाड तेल घातलं होतं, साहेब. उन्हाळी. डबे लपवून ठेवले. यानं ओळखलं आणि बदललं."

भाऊसाहेब हसायच्या बेतात होते, ते थांबले. "चुकून झालं असेल."

"चुकून नाही. मुद्दाम. त्याचं नाव खराब व्हावं म्हणून."

अलकनंदाताई खुर्चीवर होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. भाऊसाहेबांच्या हातात तिळगुळाची वडी होती, मारुतरावांना द्यायला उचललेली. ती बराच वेळ तशीच राहिली. मग त्यांनी ती मारुतरावांच्या तळहातावर ठेवली, त्यांच्याकडे न बघता, आणि ताट घेऊन पुढे गेले. रिवाज म्हणून दिली, हे मारुतरावांना समजलं.

कोपरापाशी कोणीतरी आलं. हणमंत होता, हातात कप घेऊन.

"उस्ताद, चहा," तो म्हणाला. "गार होतोय."

मारुतरावांनी कप घेतला. दोघं शेजारी उभे राहून चहा प्यायले. कप रिकामा झाल्यावर मारुतराव म्हणाले, "तेल कशातून गाळलंस?"

"मलमलीतून. दोनदा."

"हं," मारुतराव म्हणाले.

घरी जाताना मेट्रोत गर्दी होती. लाजपत नगरला गाडी बदलल्यावर मारुतरावांना आणि कांताला शेजारी जागा मिळाली. भाऊसाहेबांची गाडी आता फरीदाबादला येणार नाही, बाकीच्या पाचही येणार नाहीत, हे दोघांनाही न बोलता कळलं होतं. बदरपूर येईपर्यंत मारुतराव हातातल्या वडीकडे बघत बसले होते.

"महिनाभर गप्प राहिला तो," ते एकदम म्हणाले. "मी असतो तर पहिल्याच दिवशी सगळ्या क्वार्टर्सना सांगून आलो असतो."

"ठाऊक आहे," कांता म्हणाली.

"खरं सांगू? आता तर मला त्याचा पहिल्यापेक्षा जास्त हेवा वाटतोय."

कांतानं त्यांच्या हातातली वडी घेतली, मोडली आणि अर्धी त्यांना परत दिली.

"वाटू द्या की," ती म्हणाली. "या वेळेला निदान बरोबर गोष्टीचा वाटतोय."